झऱ्याचं पाणी, रोज एक वाटी

दोन मराठी घरं एका स्टेशन वॅगनमध्ये कोंबून देवाला निघाली, की किस्से आपोआप साठतात. आमचे अमेरिकेतल्या ॲन आर्बरचे किस्से एटीजमधले, आणि देव कॅथलिक! माझा मित्र वसंता याला कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा एका नर्सने सुमनवहिनींना तीन तासांवरचं एक चर्च सांगितलं. मधोमध झरा, त्याच्याभोवती चर्च. त्या पाण्यासाठी आजारी माणसं लांबून येतात म्हणे.

*

पहिल्या खेपेला आम्ही भर बर्फात दाराशी बूट काढले. देवाच्या दारी बूट घालून कसं जायचं? बाहेर आलो तर आमच्या बुटांशेजारी आणखी दहा-बारा जोड! अमेरिकन मंडळींना वाटलं, इथली पद्धतच असावी.

*

वहिनींनी झऱ्याला अकरा प्रदक्षिणा घातल्या. सातव्या फेरीला फादरनी हळूच वसंताला विचारलं, "त्यांचं काही हरवलंय का?"

"अजून नाही, फादर," वसंता म्हणाला.

मी खिडकीकडे बघत राहिलो. त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

*

दुधाच्या रिकाम्या गॅलनच्या कॅनमधून पाणी घरी आलं, ते थेट देवघरात. लेक नीला ओरडली, "आई, दॅट्स कॅथलिक वॉटर!"

"असू दे. बाबांच्या पोटात गेलं की आपलंच," वहिनी म्हणाल्या. रोज सकाळी वसंताला एक वाटी सुरू झाली.

*

वसंता शहराच्या पाणीखात्यात केमिस्ट. पठ्ठ्याने नमुना लॅबमध्ये नेऊन रिपोर्टच वाचून दाखवला, "लोह भरपूर, चमत्कार निल!"

आम्ही खो-खो हसलो. वहिनी उठून किचनमध्ये गेल्या. त्या दिवसापासून त्याने थट्टा बंद केली. वाटी संपवायचा आणि म्हणायचा, "आज जरा बरं वाटतंय."

*

जानेवारीत बर्फाने रस्ते बंद झाले. वसंता अंथरुणाला खिळला होता. वहिनींनी मला किचनमध्ये गाठलं. "भाऊजी, झऱ्याचं पाणी संपून आठवडा झाला. नळाचं देतेय. यांना सांगू नका, तेवढ्याच आशेवर आहेत हो." आणि त्या रडायला लागल्या. मलाही आवरेना.

डोळे पुसून वसंताच्या खोलीत गेलो. त्याने मला जवळ बोलावलं. "अरे, आठवडाभर नळाचं देतेय ती. लोखंडाची चवच नाही. तिला बोलू नकोस हं."

तेवढ्यात वहिनी वाटी घेऊन आल्या. त्याने ती तळापर्यंत संपवली.

"सुमन," तो म्हणाला, "आज जरा जास्तच बरं वाटतंय!"