दगडी बैलाचं शिंग

अमेरिकेत मी काहीही बघितलेलं नाही. हे आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. गावाला वाटतं की तिथल्या एका शहराचा मी जाणकार आहे. मी त्या शहराची पाण्याची टाकी बघितली, तीसुद्धा खोलीच्या खिडकीतून.

शिक्रापूरच्या ज्या कारखान्यात मी नोकरीला आहे, त्यांनी मला सहा आठवडे तिकडे ट्रेनिंगला पाठवलं होतं. एका मोठ्या शहराला चिकटलेलं मध्यम शहर. जाताना वडगाव रासाईच्या पोरांनी चौकात माझा फ्लेक्स लावला. फोटोत माझ्या डोक्यावरून विमान चाललं होतं, आणि ते कानातून निघाल्यासारखं दिसत होतं.

तिथे हॉटेलासमोर कारखाना, बाजूला एवढं मोठं दुकान, मध्ये पार्किंग. शहर पलीकडे होतं म्हणतात. पहिल्याच रविवारी ते बघायला पायी निघालो. रस्त्यावर चालणारा मी एकटाच. थोड्या वेळाने पोलिसाची गाडी शेजारी थांबली, काच खाली झाली. माझं सगळं ठीक आहे ना, असं त्याने अगदी प्रेमाने विचारलं. मी 'येस सर' म्हणालो आणि उलटा फिरलो. मग सगळे रविवार खोलीत बसून डाळभाताची पाकिटं गरम केली आणि टाकीकडे बघत राहिलो. चांगली गोल टाकी होती.

परत आलो, आणि सकाळी डेअरीत दूध घालायला गेलो तर कट्ट्यावर सगळे वाट बघत बसलेले. आमच्याकडे बाहेरून आलेल्याला त्या गावाची माहिती द्यावी लागते, आणि प्रश्न ठरलेले असतात. सोयरीक जुळवताना परक्या गावाची जशी चौकशी करतात, तसेच.

"गाव वसवलं कुणी?" माझे चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्यांनी विचारलं.

माहीत नाही म्हणायला हवं होतं. पण फ्लेक्स अजून चौकात होता.

"दोन भावांनी," मी म्हणालो.

"मग भांडलं असतील."

"हो. बांधावरून."

कट्टा एकदम समाधानी झाला. "तिकडंबी भावकी हायच म्हंजी," कुणीतरी म्हणालं.

"बाजार कुठल्या वारी?"

"गुरुवारी."

"आन् ग्रामदैवत?"

इथे मी अडकलो. समोर एक बैलगाडी कडब्याचं ओझं घेऊन चालली होती. मी म्हणालो, मुख्य चौकात दगडी बैल आहे. वर्षातून एकदा त्याची मिरवणूक निघते, शिंगाला हात लावला की पाऊस चांगला होतो. कुस्त्या होतात का, असं विचारल्यावर होतात म्हणालो. हे मी कशाला म्हणालो, मला अजून कळत नाही. पण प्रत्येक प्रश्नात उत्तर आधीच शिजवून ठेवलेलं होतं. मी फक्त वाढत गेलो.

हे तेवढ्यावर मिटलं असतं. पण आबांचा जावई आमच्याच कंपनीत. त्याला पुढे तिकडची दोन शहरं दाखवून एक निवड म्हणाले, तेव्हा माझी चुलतबहीण त्याला म्हणाली, "दादा गेलता तिथंच जाऊ. गाव देवाधर्माचं हाय." गेले. वर्षाने तिला दिवस गेले आणि बाळंतपणासाठी आबा-काकूंची तिकिटं निघाली.

आबांबद्दल एक सांगायला हवं. आमच्या भागात बांधाचा वाद झाला की आबांना बोलावतात. ते बांधावरून एकदा चालत जातात आणि म्हणतात, "हितं." तिथेच दगड रोवला जातो. दोन्हीकडचे मुकाट घरी जातात, कारण आबांनी उभ्या आयुष्यात खोटं म्हणून सांगितलेलं नाही. असा माणूस माझा बैल शोधायला विमानात बसला. निघताना दौंडच्या नातेवाईकांनी हार घातला तेव्हा गर्दीतून मला म्हणाले, "शिंगाला हात लावूनच येतो."

आठवडाभरात व्हिडिओ कॉल आला. इथे संध्याकाळ, तिथे सकाळ. आबा माकडटोपी घालून सोफ्यावर.

"बैल कुठल्या चौकात रं?"

"आबा, मधल्या."

"हितं चौकच न्हाईत. नुसती वळणं."

"रस्ता रुंदीकरणात हलवला असेल."

"देव रुंदीकरणात हलवतेत?" आबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं फोन अडकला. अडकला नव्हता.

नंतरची हकिकत बहिणीने हसत हसत सांगितली. तिथे जुन्या वस्तूंचं एक छोटं घर आहे, गावाचा इतिहास ठेवलेला. आबांनी जावयाला गाडी काढायला लावली आणि तिथे बसणाऱ्या म्हातारीला बैल विचारला. बहिणीने भाषांतर केलं. म्हातारीने असल्या बैलाचं कधी ऐकलं नव्हतं, पण तिचे डोळे चमकले. ती म्हणाली, आमचा फार इतिहास हरवलाय. मग भावकी, बांध, मिरवणूक, सगळं तिने पुन्हापुन्हा ऐकून घेतलं.

"दादा, ती बाई आता चर्चमधी म्हाताऱ्यांना बैलाचं विचारत फिरतीय."

तेव्हापासून माझं जेवण कमी झालं. बायकोने ॲसिडिटीची गोळी आणून दिली. मी ती मुकाट घेत राहिलो.

तीन महिन्यांनी आबा आले. दुसऱ्या दिवशी सकाळी कट्टा भरला. मी दुधाची किटली हातात धरून मागे उभा राहिलो, म्हणजे पळायचं झालं तर सोपं.

आबा सावकाश बोलले. म्हणाले, आधी तिथं नुसती रानं होती. मका आन् बटाटा. मग रेल्वे आली, माल चढवायला ठेसन झालं, ठेसनाभवती दुकानं. दौंडचं झालं तसंच. मग हायवे आला, रानाचे प्लॉट पडले, कारखाने आले, भाडेकरू आले. "त्यांच्या गावाचं शिक्रापूर झालंय," आबा म्हणाले. "जुना नांगर काचेत ठेवलाय. तसला आपल्या गोठ्यात पडलाय, कोंबड्या बसत्यात त्याच्यावर. शनवारी शेतकरी टेंपो घिऊन येत्यात, टमाटं इकायला."

"शनवारी?" एकजण म्हणाला. "ह्यो तर गुरुवार म्हणला व्हता."

"वार बदलला," आबा म्हणाले.

मी किटली दुसऱ्या हातात घेतली. म्हणजे खरं शहर आमच्यासारखंच होतं. ते मी जसं आहे तसं सांगितलं असतं तरी कट्ट्याला पटलं असतं. पण त्यासाठी ते बघावं लागलं असतं.

"आन् आबा, बैल?"

आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. गर्दीतून थेट माझ्याकडे बघितलं.

"हाय," ते म्हणाले. "एक शिंग मोडलंय."

सगळे हळहळले. कुणीतरी विचारलं, दुरुस्त करत न्हाईत का. आबा म्हणाले, "दगड मिळंना तसला."

घरी जाताना आम्ही दोघे बरोबर चाललो. मी दोनदा घसा साफ केला. आबा म्हणाले, "शिंग मोडल्यालं तू सांगितलं न्हाईस मला." तोंडावर ना हसू होतं, ना राग. मग त्यांनी माझ्या हातातली किटली घेतली आणि पुढे झाले.

परवा तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या दोन भावांचा बांधाचा वाद होता. आबांना बोलावलं. ते चालत गेले, थांबले, "हितं" म्हणाले. तेवढ्यात धाकटा भाऊ हसत म्हणाला, "आबा, बैलाची शपथ?" सगळे हसले, आबाही हसले. आबांच्या 'हितं'ला आजवर कुणी शपथ मागितली नव्हती. मला नाही हसता आलं.

कट्ट्यावर सगळ्यांसमोर उभं राहून, बैल नाही, कधीच नव्हता, आबा माझ्यासाठी खोटं बोलले, एवढं मला सांगायचं आहे. आबांचा शब्द मी त्यांना परत देणं लागतो. अजून दिलेला नाही.