इंजिनातली ओल

आमच्या गावाला जिल्हा करा, ही मागणी मी पत्रकांतून इतक्यांदा लिहिली की झोपेतून उठवलं असतं तरी मुद्दे धडाधड सांगितले असते. नांदेड लांब, लातूर लांब, एका दाखल्यासाठी अख्खा दिवस एसटीत. आणि एक मुद्दा कायम ठळक टाइपात: आमच्याकडे धावपट्टी आहे, विमान आहे!

विमान एकच होतं. दोन सीटचं, पुढं पंखा, पेट्रोलवर चालणारं इंजिन. ते वैमानिक घडवणाऱ्या एका खासगी केंद्राचं. केंद्राचे मालक तेच आमच्या जिल्हा कृती समितीचे अध्यक्ष. म्हणजे मागणी त्यांची, विमान त्यांचं, आणि शब्द माझे.

माझी थोरली बहीण त्याच विमानावर शिकत होती. आमचं मूळ घर बिलोलीकडच्या वस्तीत, तिथून अशी ती पहिलीच. ती निघाली तेव्हा विहारात तिचा सत्कार झाला होता. सरकारी शिष्यवृत्तीची मुदत उन्हाळ्याअखेर संपणार होती. तोवर उड्डाणाचे तास भरले तर लायसन, नाही भरले तर घरी. मधला रस्ता नव्हता.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. केंद्राच्या बोअरला तेवढं पाणी टिकून होतं, तिथं टँकर भरू लागले आणि फाटकाशी घागरींची रांग लागली. लोक तहानलेले असताना डोक्यावरून विमान गेलं तर चिडतील, म्हणून अध्यक्षांनी उड्डाणं थांबवली. इथवर मीही मान डोलावली. पण विमान बंद पडलंय असंही कुणाला वाटायला नको होतं. म्हणून ठरलं, की दर सोमवारी ते शेडबाहेर काढायचं, दहा मिनिटं इंजिन चालवायचं आणि परत आत ढकलायचं. गावाला आवाज गेला की झालं.

ताई पहिल्याच सोमवारी आडवी आली. "साहेब, उडवायचं नसेल तर नीट बंद करून ठेवा. नुसतं तापवून बंद केलं की आत पाणी धरतंय."

"पाणी?" अध्यक्ष हसले. "गावाला प्यायला न्हाई, तुझ्या इंजिनात कुठून आलं बाई? असंल तर सांग, टँकर लावू."

सगळे खिदळले. रांगेतली एक म्हातारी घागर आपटत ओरडली, "ए पोरी, इतका वेळ पंखा फिरवून राहिलीस, थोडा वारा तरी इकडं सोड!"

ताईनं मला शेडमध्ये नेऊन तेलाच्या टाकीचं झाकण उघडून दाखवलं. झाकणाच्या आत थेंब जमले होते आणि दुधाळ, चिकट साय. पेट्रोल जळतं तेव्हा त्यातून पाण्याची वाफ होते, तिनं सांगितलं. ती वाफ फटीतून तेलात उतरते. तासभर उडालं तर तेल पुरतं तापतं आणि वाफ निघून जाते. दहा मिनिटांत ती आतच कोंडते, थंडीच्या रात्री लोखंड गार पडलं की तिचे थेंब होतात, आणि तेल निथळलेल्या जागी गंज धरतो. मी आठवडाभर एका बादलीत भागवत होतो. आमच्या दुष्काळात पाणी तयार करणारी एकच जागा निघाली, आणि तीही ते चालवत होते तमाशासाठी!

उपाय काही आभाळातून आणायचा नव्हता. गंज न धरू देणारं तेल भरायचं, एकदा तासभर उडवायचं. मग स्पार्क प्लगच्या जागी ओल शोषणाऱ्या निळ्या खड्यांच्या नळ्या बसवायच्या, धुराचा पाइप आणि हवेची तोंडं बुजवायची, पंख्यावर 'हात लावू नये' अशी पाटी. पंखा नुसता हातानं फिरवला तरी आतला तेलाचा थर पुसला जातो.

मी हे समितीच्या बैठकीत मांडलं.

"बोळे कोंबलेलं विमान जिल्ह्याच्या पाहणीला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवू?" अध्यक्ष म्हणाले. "तू मुद्दे लिही रे. इंजिन आमच्यावर सोड."

"तुमची विद्यार्थिनी आहे ती. तिचं वर्ष जाईल."

"गावासाठी थोडी कळ काढंल की. तुझीच बहीण ना?"

एका सोमवारी इंजिन निवल्यावर ताईनं कुणाला न विचारता नळ्या बसवल्या. पुढच्या सोमवारी काढल्या तर निळे खडे गुलाबी. ओल शोषल्याची ती खूण. तिनं नळी अध्यक्षांच्या हातात दिली. त्यांनी ती उन्हात धरून फिरवली. "लई गोड रंग आलाय. होळीला ठेवा." नळी टेबलावर गेली, प्लग परत बसले, पंखा फिरला. असा सगळा हिवाळा गेला.

होळीनंतर पाहणीला मोठे पाहुणे यायचं ठरलं, आणि मग विमान एकदा वर जायला हवं झालं. आता लोक चिडणार नव्हते! उडवण्याआधी बाहेरून तपासनीस आले. त्यांनी तेलाचा फिल्टर कापला, आतला कागद पसरला. चमचम. लोखंडाचा बारीक कीस. गंजानं खाल्लेला भाग आत सोलून निघत होता.

"सुरू तर होतंय ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"होईल. उडणार नाही."

ताईनं तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

नवं इंजिन येणार, येणार म्हणता म्हणता मुदत संपली. ताई बिलोलीला परतली. वस्तीत कुणी काही विचारलं नाही, म्हणून ती जास्तच घरात बसायला लागली. पाहुणे मात्र येऊन गेले. हार झाले, इंजिन दहा मिनिटं गरजलं, रांगेतल्या बायांनी धुरळ्यासाठी पदर नाकाला लावला. जिल्हा झाला नाही. माझ्याकडं नवीन पत्रक मागितलं, त्यात पुन्हा तोच ठळक मुद्दा. मी 'विमान आहे, उडत नाही' एवढंच लिहून दिलं. छापलं नाही.

एका सोमवारी दुपारी ताईचा फोन आला. आईची तब्येत, टँकरच्या पाळ्या असं थोडं बोलली. मग म्हणाली, "आज लावलं का रे इंजिन?"

"हाव. लावलं."

"आवाज कसा होता?"

मी म्हणालो, खरखर वाढलीय. मग ती म्हणाली, "त्या अध्यक्षाला सांग, धुराच्या पाइपात बोळा तरी घाल," आणि फोन ठेवला.

मी सांगितलं. अध्यक्ष हसले.