खोटं करून बघणाऱ्या कुमुदबाई

कुमुदबाई गेल्याचं मला नाशिकला कळलं, तेही शेजाऱ्यांच्या फोनवर. बोईसरहून त्यांच्या घरमालकीणबाई बोलत होत्या. खरखर इतकी, की बाई गावाला गेल्यात एवढंच त्या सांगतायत, असं मला वाटलं. "कुठे, भावांकडे वाणगावला का?" मी विचारलं. त्या आवाज चढवून म्हणाल्या, "नाही हो सुनंदाताई. काल सकाळी गेल्या. भाऊ येऊन सगळं उरकून गेलेसुद्धा." मी फोन ठेवला. शेजारच्या वहिनींनी पाणी आणून दिलं आणि विचारलं, त्या तुमच्या कोण लागत होत्या? 'माझ्या बाई', मी म्हणाले. वहिनींना त्यातून काहीच कळलं नसणार.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. बोईसरला नवे नवे कारखाने उभे राहत होते आणि भाड्याच्या खोल्या कमी पडत होत्या. अशाच एका कारखान्यात बाई ड्राफ्ट्समन होत्या; बाईमाणूस असूनही हुद्दा तोच. संध्याकाळी कामावरून सुटल्या की त्या आम्हा मुलींसाठी रेखाकामाचा वर्ग घ्यायच्या. मी मॅट्रिक होऊन सातपाटीला घरी बसले होते. नकाशे काढायला शिकू, कुठेतरी चिकटू, या आशेनं गेले. पहिल्या दिवशी बाईंनी पेन्सिल हातात घेऊच दिली नाही. बाहेरच्या नळावर बायका पाणी भरत होत्या, तिकडे पाठवलं. परत आल्यावर म्हणाल्या, "काय दिसलं?"

"पाणी भरतायत," आम्ही म्हणालो.

"पुन्हा जा."

पुन्हा गेलो तेव्हा एक पोटुशी बाई दिसली. तिला वाकता येत नव्हतं. नळाशेजारी एक उंचसा दगड होता, त्यावर ती हंडा ठेवायची आणि तिथून उचलून कमरेवर घ्यायची. हे सांगितलं तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या. "तो दगड आपण होऊन तिथे आला नाही. कुणाला तरी सुचलं, कुणीतरी तो ओढत आणला. डिझाइन म्हणतात ते हेच. चित्र नंतर काढू."

चित्रानंतरही लगेच खरी वस्तू करायची नाही, हा त्यांचा नियम. आधी 'खोटं' करायचं. पुठ्ठा, खळ, सुतळी, खोक्यांच्या फळ्या, जे हाताशी असेल त्याची खोटी वस्तू करायची, जिला ती वापरायची तिच्या हातात द्यायची आणि आपण तोंड मिटून बघत बसायचं. "आपण समजावून सांगायला लागलो की संपलं," त्या म्हणायच्या. आमच्या खोट्या वस्तू भराभर मोडायच्या. बाईंना त्याचं कधी वाईट वाटायचं नाही.

त्याच वर्षी माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात गेला तो गेला, पायही ओढत चालू लागली. आई मासळी विकायची. बाजारात मोरळीपुढे, म्हणजे विळीपुढे, बसून, पायाखाली तिची फळी दाबून धरून, दोन्ही हातांनी सपासप मासे कापून द्यायची. आता ती घरात भिंतीकडे तोंड करून पडून राही. बोलेनाशी झाली. मी वर्गात हे सांगितलं आणि रडले. बाईंनी समजूत वगैरे घातली नाही. रविवारी त्या सातपाटीला आमच्या घरी आल्या, स्वतःचा डावा हात पदरानं अंगाशी बांधला आणि आईच्या मोरळीपुढे बसल्या. मासा निसटत होता, फळी हलत होती. दिवसभर त्यांनी तो हात सोडला नाही. जेवल्याही तशाच.

मग आम्ही एक उंच टेबल केलं. मासा अडकवायला त्यावर खिळे, आणि अडकित्त्यासारखी एका टोकाला बिजागरी लावलेली सुरी. पुठ्ठ्याचं झालं, खोक्यांच्या लाकडाचं झालं, शेवटी बोईसरच्या रामसजीवन सुतारानं पक्कं करून दिलं. आईनं स्टुलावर बसून पापलेट कापलं. एका हातानं, स्वच्छ! मला तर नाचावंसं वाटलं.

"मावशी, कसं वाटतंय?" बाईंनी विचारलं.

"चांगलं हाय, बाई."

आईनं टेबलावर गोणपाट टाकलं आणि पुन्हा जाऊन पडली. मी बाईंना एसटीच्या थांब्यावर सोडायला गेले. गाडी आली तेव्हा म्हणाल्या, "जमलेलं नाही. जमलं असतं तर त्यांनी काहीतरी खोड काढली असती."

पुढच्या रविवारी त्यांनी ते टेबल उचलायला लावलं आणि बाजारात आईच्या रिकाम्या जागेवर नेऊन ठेवलं. हात बांधला, स्टुलावर बसल्या आणि मासे कापू लागल्या. बायका आधी हसल्या, मग आपापल्या कामाला लागल्या. दुपारी बाजार उठला तेव्हा बाई मला म्हणाल्या, "सुनंदा, इतका वेळ मी त्यांच्या मधोमध होते. एक शब्द माझ्यापर्यंत पोचला नाही." तशाच घरी आल्या आणि आईशेजारी जमिनीवर बसल्या. "मावशी, तिथे वर बसल्यावर फार एकटं वाटतं हो."

आई उठून बसली. कितीतरी दिवसांनी ती भडाभडा बोलली. "वर बसलं का खालचं बोलणं वर येत नाय. आमी तिथं मासळीच विकायला जातो काय फक्त? कोणाची पोर बाळंत झाली, कोणाची बोट आली नाय, समदं तिथंच कळतं. त्या टेबलावर मी परकी वाटते, बाई."

आम्ही हाताचाच विचार करत राहिलो होतो. तो पावसाळाभर, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असताना, काम नव्यानं सुरू झालं. इतर बायकांच्या बरोबरीनं बसता येईल असा बुटका पाट, पाठीला टेका, आणि पाय न लावता जागचा हलणार नाही असा जड लाकडी ठोकळा, त्यावर ती सुरी. रामसजीवन वैतागायचा. "बहनजी, फिर तोड़ना है?" "तोड़ना नहीं भैया, थोड़ा सुधारना है," बाई म्हणायच्या आणि स्वतःच पटाशी उचलायच्या.

नारळी पौर्णिमेनंतर मासळी आली आणि आई रांगेत आपल्या जागी बसली. शेजारणीनं तिच्याकडे न बघताच काहीतरी विचारलं, आईनं कापता कापता उत्तर दिलं. मग मान वर करून बाईंना ओरडून म्हणाली, "टेका लय मागं हाय! पाठ दुखवाल माजी!" बाईंचा चेहरा असा उजळला, की अजून डोळ्यांपुढे आहे.

सगळ्या त्यांना जेवायला थांबवत होत्या. थांबल्या नाहीत. मी सोडायला गेले तेव्हा विचारलं, "बाई, तुम्हाला हे कळलं कसं?" त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "आमच्या कारखान्यात ड्रॉइंग बोर्डाला स्टूल उंच असतं. खाली सगळे पुरुष, त्यांचा चहा, त्यांचं हसणं... इतकी वर्षं मी तिथेच बसते." गाडी आली. त्या खिडकीशी बसून गेल्या.

आई पुढे बरीच वर्षं त्या पाटावर बसली. मी लग्न होऊन नाशिकला आले, अपंगांसाठी साधनं करणाऱ्या एका संस्थेत लागले, आणि आजही तिथे आधी खोटंच करते. बाईंचा वर्ग बंद पडला. मुली पांगल्या. बाई निवृत्त झाल्या, गुडघे गेले. वाणगावला भावांची वाडी होती. तिथे त्या सणाला जायच्या आणि संध्याकाळी परतायच्या. "तिकडे माझ्या सवयीचं काही नाही," एवढंच म्हणायच्या.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत गेले. भावांनी कपाट नेलं होतं, पलंग तेवढा उरला होता. त्याच्या उशाशी एक लाकडी मूठ लोंबत होती. तिची दोरी भिंतीवरच्या हुकांमधून वळत थेट दाराच्या कडीपर्यंत गेलेली. भिंतीला जागोजाग जुनी भोकं होती. हूक काढून पुन्हा पुन्हा लावून बघितले होते.

"उठवत नव्हतं ना त्यांना," घरमालकीणबाई म्हणाल्या. "म्हणायच्या, मी दारापर्यंत पोचेस्तोवर आलेलं माणूस निघून जातं."

"कोण यायचं?"

"तसं... कोणी नाही."

त्या खाली गेल्या. मी दार लावून घेतलं, पलंगावर बसले आणि मूठ ओढली. कडी जराही आवाज न करता उचलली गेली आणि दार आपोआप, हळूहळू, पूर्ण उघडलं. बाहेर ऊन होतं, मोकळी गॅलरी होती. कुठल्यातरी कारखान्याची पाळी सुटली असावी, रस्त्यावरून माणसांच्या बोलण्याचा आवाज येत होता. वरपर्यंत येताना त्यातला शब्द न् शब्द विरून जात होता. मी दार तसंच उघडं ठेवून बराच वेळ बसून राहिले.