उलटे शिकवलेले दोन शब्द

त्या वर्षी आमच्या शाळेचा पट एकोणीस होता. त्यातली पाच-सहा मुलं जूनमध्ये पिवळ्या बसमध्ये बसणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पिवळी बस कॉन्व्हेंटची. सकाळी ती शाळेच्या फाटकासमोरून जायची आणि आमची मुलं प्रार्थना म्हणता म्हणता मान वळवून तिच्याकडे बघायची.

एप्रिलमध्ये शाळा व्यवस्थापन समितीची सभा झाली. अध्यक्ष खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मॅडम, सेमी सुरू करून टाका. गनित इंग्रजीतून. नाई तं लोकं पोट्टे काढून राहिले, आमी तरी का सांगाचं त्याहिले?"

शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. दुसरे सर निवृत्तीला टेकलेले आणि पहिली-दुसरी घेणारे. तिसरी ते पाचवी माझ्याकडे. म्हणजे प्रश्न मलाच होता.

"येते ना तुमाले इंग्रजीतून?" अध्यक्षांनी विचारलं.

"येतं," मी म्हणाले.

येत नव्हतं. मी मराठी माध्यमातून शिकलेली, डी.एड.सुद्धा मराठीतून. गणित माझं चांगलं होतं, पण ते बेरीज-वजाबाकीचं, अंश-छेदाचं, हातच्याचं गणित. इंग्रजीशी माझा संबंध पास होण्यापुरता. पण नाही म्हटलं असतं तर पट आणखी खाली आला असता, शाळा बंद झाली असती आणि मला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला टाकलं असतं. अर्जुनी मोरगावात भाड्याच्या घरात सासूबाई पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेल्या. दुपारी शेजारीण बघायची, चारनंतर मी. नवऱ्याची नोकरी नागपूरला. शाळा घरापासून स्कूटीनं पंचवीस मिनिटं. त्या पंचवीस मिनिटांत माझं सगळं आयुष्य बांधलेलं होतं.

उन्हाळ्यात मी शब्द पाठ करायला बसले. अ‍ॅडिशन, सबट्रॅक्शन हे सोपे. कॅरी म्हणजे हातचा. न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद. 'डिनॉमिनेटर' तोंडात बसेना, म्हणून जंगलातल्या रस्त्यानं जाताना हेल्मेटच्या आत मोठ्यानं म्हणत राहायची. एकदा मोळी घेऊन चाललेल्या बायांनी थांबून माझ्याकडे पाहिलं. कुठला शब्द अडला की घरी फोनवर शोधायची, कारण शाळेत रेंज नव्हती. उच्चार ऐकायची, सासूबाईंना जाग येऊ नये म्हणून फोन कानाला लावून.

जूनमध्ये मुलं शाळेतच राहिली. अध्यक्षांनी पेढे वाटले. मला पेढा गिळवेना.

वर्गात मी हसतमुख असायची आणि आतून सतत घाबरलेली. मुलांनी प्रश्न विचारू नयेत असं वाटायचं. शिक्षिकेला असं वाटणं किती वाईट, हे मला त्याही वेळी कळत होतं. मुलांनी विचारलंच तर "आधी पुढचं उदाहरण करा" म्हणायची. आणि सगळ्यांत जास्त विचारायची ती पाचवीतली एक मुलगी.

तिचे आईबाप मजुरीवर. हंगामात तेंदूपत्ता, मोहा, एरवी धानाच्या बांध्यांत. घरात गोंडी, गावात झाडीबोली, शाळेत पुस्तकातली मराठी आणि आता इंग्रजी. चौथी भाषा ती डोळे मोठे करून ऐकायची आणि लगेच उचलायची. "मॅडम, वजाबाकीच्या उत्तराले डिफरन्स काऊन मनते? डिफरन्स मंजे तं फरक ना?" असं काहीतरी विचारायची आणि मी घामाघूम व्हायची.

पाचवीची इंग्रजी पुस्तकं उशिरा येणार होती. तोवर मराठी पुस्तक पुढ्यात ठेवून मी इंग्रजी शब्द वरून घालत होते. असंच 'विभाज्य आणि विभाजक' शिकवलं. इथं मी अडखळले नाही, आणि तेच नडलं. ज्या शब्दांची धास्ती होती ते सगळे मी तपासले होते. हे दोन तपासलेच नाहीत, कारण मला ते येतात असं वाटलं. मल्टिप्लाय म्हणजे गुणणे. मग ज्या संख्या गुणून सहा होतात, त्या दोन आणि तीन सहाच्या मल्टिपल. उरला फॅक्टर, तो विभाज्य. फळ्यावर ठसठशीत लिहिलं. मुलांनी वहीत पेनानं उतरवून घेतलं. खरं तर ते बरोबर उलट होतं: दोन आणि तीन हे सहाचे फॅक्टर, आणि बारा, अठरा हे मल्टिपल.

डिसेंबरात केंद्रावर, म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळांची मिळून, गणिताची प्रश्नमंजूषा होती. शेजारच्या मोठ्या गावातल्या शाळेच्या पटांगणात मंडप टाकला होता. आमच्या शाळेकडून ती मुलगी. मी तिला स्कूटीवर मागे बसवून नेलं. वाटेत ती माझ्या कमरेला धरून पाढे म्हणत होती. मध्येच म्हणाली, "मॅडम, पहिला नंबर आला तं का देतीन?"

पहिल्या दोन फेऱ्यांत तिनं एकही उत्तर चुकवलं नाही. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुमची पोरगी मस्त हाय हो." मी बऱ्याच महिन्यांनी मोकळा श्वास घेतला.

प्रश्न विचारणारे सर हायस्कूलचे, गणिताचे. त्यांनी तिला विचारलं, "आठच्या कोणत्याही तीन मल्टिपल सांग."

"वन, टू, फोर," ती ताडकन म्हणाली.

"चूक."

प्रश्न पुढच्या शाळेला गेला. तिथला मुलगा म्हणाला, "एट, सिक्स्टीन, ट्वेन्टीफोर." टाळ्या झाल्या. त्या एका क्षणात मला सगळं कळलं. फळा, माझं अक्षर, त्यांच्या वह्या.

ती खाली बसली नाही. "सर, त्यानं सांगतले ते तं फॅक्टर होत. आमच्या मॅडमनं सांगतलं."

सरांनी चष्मा खाली करून मंडपात पाहिलं. "कोण मॅडम? मॅडम, असं शिकवलं का तुम्ही?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. केंद्रप्रमुख पुढच्या रांगेत होते. आमचे अध्यक्षही आले होते, मुलगी जिंकणार म्हणून मुद्दाम. मला बोलायला फार तर दोन सेकंद मिळाले असतील, पण आजही ते मला लांबलचक आठवतात. तोंड उघडलं आणि निघालं ते हे:

"नाही सर. गोंधळली ती. घाबरली असेल."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादं गणित सुटत नसलं की ती जशी बघायची, तसं. मग ती बसली आणि पुढच्या एकाही प्रश्नाला तिनं तोंड उघडलं नाही.

परत येताना ती स्कूटीचा मागचा दांडा धरून बसली. मी दोनदा म्हणाले, "नीट धर." तिनं हात हलवला नाही. गाव दिसायला लागल्यावर मागून आवाज आला, "मी घाबरली नोती, मॅडम."

तिला तिच्या घरापाशी उतरवलं आणि निघून आले.

दुसऱ्या दिवशी मी आणखी एक खोटं बोलले. वर्गात म्हणाले, "मागं फळ्यावर लिहिताना दोन शब्दांची अदलाबदल झाली होती. वहीतलं खोडून नीट लिहा." जणू खडूचीच चूक. मुलं निमूट कामाला लागली. ती मात्र तशीच बसून होती.

"खोड ना," मी म्हणाले.

"पेनानं लिवलं हाय. खोडत नाई."

त्यानंतर ती शाळेत रोज आली, पण तिनं हात वर करणं बंद केलं. उदाहरणं बरोबर सोडवायची. जिथं इंग्रजी शब्द लिहायचा असेल, तिथं रेघ मारून जागा कोरी ठेवायची. एवढे महिने ज्या प्रश्नांची मला भीती होती, ते थांबले. माझा जीव मोकळा व्हायला हवा होता. उलट तो वर्ग मला कोंडवाड्यासारखा वाटायला लागला. तिच्या बाकाकडे पाठ करून शिकवायची मी. फळ्यावर उगाच जास्त लिहीत राहायची. चारची घंटा झाली की घरी सासूबाई, तिथंही चार भिंती. कुणाला सांगणार? नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "एवढंसं काय मनावर घेतेस? पोरं विसरतात."

पंधरा दिवसांनी तिची आई शाळेत आली. धान चुरणं, म्हणजे मळणी, चालू होती; तिच्या केसांत भुसा होता. ऑफिसच्या दाराबाहेर चपला काढून उभी राहिली.

"मॅडम, पोट्टी गनितात कच्ची हाय का?"

"नाही हो. कोण म्हणालं?"

"केंद्रावर घाबरली मनते सारे. पोट्टीबी मनते, मले जमत नाई. पाचवी झाली का तुयासंगच कामावर येतो मनते. बाप म्हन्ला, ठीक हाय, येऊ दे. मी मनलं, एक डाव मॅडमले इचारून पायतो."

तिनं विचारलं ते अगदी साधेपणानं. मी म्हणेन ते तिनं मान्य केलं असतं. मी टेबलाची कड धरली.

"ती कच्ची नाही," मी म्हणाले. "ती घाबरलीही नव्हती. मी तिला चुकीचं शिकवलं होतं. तिनं माझंच उत्तर दिलं, आणि मी सगळ्यांसमोर खोटं बोलले."

"मंग तवा काऊन नाई सांगतलं?"

"भ्याले मी."

"पोट्टीले तोंडघशी पाडलं तुमी." ती आवाज न चढवता म्हणाली. "मले कायले सांगता? तिले सांगा."

ती माझ्या मागोमाग वर्गाच्या दारापर्यंत आली. बहुतेक मी सांगते की नाही ते बघायला. मी वर्गात गेले आणि तिसरी ते पाचवीच्या मुलांपुढे उभी राहून सांगितलं. खडूची चूक नव्हती, माझी होती. मला हे दोन शब्द येत नव्हते. मला इंग्रजीतले बरेच शब्द येत नाहीत. मंडपात मी खोटं बोलले. लहान मुलं एकमेकांकडे बघून हसली.

त्या मुलीनं आपल्या बाकावरून विचारलं, "मल्टिपल मंजे मंग पाढ्यातले आकडे होत का?"

"हो. पाढ्यातले."

"तं तसंच सांगाचं होतं," ती म्हणाली आणि वही उघडली.

हायस्कूलच्या सरांना मी फोन केला. ते म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम, निकाल लागला आता." तरी पुढच्या केंद्र बैठकीत मी उभी राहून सगळं सांगितलं. दोन जण हसले. चहाच्या वेळी एक शिक्षिका हळूच येऊन म्हणाली की तिचंही असंच चाललंय, आणि हे कुणाला सांगू नका.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. एका घरातली दोन भावंडं जानेवारीतच पिवळ्या बसमध्ये बसली. मी समितीला म्हणाले, मराठीतून शिकवते, शब्द इंग्रजीतले हळूहळू देते. अध्यक्षांनी हात जोडले. "नोको मॅडम. सेमी बंद केली तं उरलेलेबी जातीन. तुमी शिका, शिकवा, चुका, पन पाटी सेमीचीच राऊ द्या." त्यामुळे सेमी चालूच आहे आणि मीही तिथंच आहे. शब्द आता मी मुलांसमोरच शोधते. इंग्रजी पुस्तकाचं मागचं पान उघडून, कधी मुलांकडूनच वाचून घेऊन. भीती गेलेली नाही.

ती मुलगी कामावर गेली नाही. सहावीला तिचं नाव निवासी शाळेत घातलं. दाखला न्यायला आई आणि ती दोघी आल्या. मी सही करत होते, तेव्हा ती टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"मॅडम, तिथल्या सरले सारे शब्द येत असतीन का?"

"माहीत नाही. अडलं की विचार त्यांना."

"इचारलं आन् रागावले तं?"

मी तिला दाखला दिला. "रागावले तर समज, त्यांनाही येत नसेल," मी म्हणाले.