पणजोबांचं इंग्लिश सर्टिफिकेट

आमच्या घराण्यात इंग्रजी शिकलेला पहिला माणूस मी, आणि घराण्याची अब्रू थेट इंग्लंडात नेऊन घालवणाराही मीच.

झालं असं. माझे वडील, म्हणजे आमचे बावा, व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे सौदीत, रास तनुराला आले. मी इथे एका ठेकेदार कंपनीत स्टोअर सांभाळतो. बावांनी रत्नागिरीहून बॅग भरून सामान आणलं होतं. कोकम, सुका जवळा, तांदळाचं पीठ, आणि मधोमध लुंगीत गुंडाळलेलं सर्टिफिकेट. जवळ्याचा वास सगळ्या बॅगेला लागला होता, सर्टिफिकेटला मात्र अत्तराचा!

या सर्टिफिकेटची कथा सांगायलाच हवी. माझे पणजोबा हसन बोटीवर खलाशी होते. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत त्यांची बोट इंग्लंडला लागली आणि पणजोबा तापाने आडवे झाले. तिथल्या एका खेड्यातल्या चर्चच्या पाद्रीबाबांनी त्यांना घरी नेलं, बरं केलं आणि हिवाळाभर स्वयंपाकघरात कामाला ठेवलं. निघताना हातात एक बंद पाकीट दिलं आणि खुणेने सांगितलं, 'हे कप्तानाला दे.' आता त्या काळी खलाशाकडे गोऱ्या साहेबाची चिठ्ठी असणं म्हणजे मोठी ठेव होती. चांगली चिठ्ठी दाखवली की पुढच्या बोटीवर नोकरी पक्की! पणजोबांनी विचार केला, एवढी मोलाची वस्तू कप्तानाच्या घशात कशाला घालायची? त्यांनी पाकीट खिशात घातलं, गावी आणलं, पेटीत ठेवलं आणि 'पाद्रीने मला सर्टिफिकेट दिलंय' असं मरेपर्यंत सगळ्यांना सांगितलं. गावात ते वाचू शकणारा कोणीच नव्हता.

मग मी कॉलेजात गेलो. एफ. वाय. बी. कॉम.! बावा तेव्हा बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. सुट्टीवर आले आणि त्यांनी अख्ख्या वाडीसमोर पेटी उघडून कागद माझ्या हातात दिला.

"वाच, इक्बाल."

मी बघितलं. ते अक्षर होतं की वाळत घातलेले झिंगे, देव जाणे! वर छापलेलं गावाचं नाव लागलं, मध्ये कुठेतरी 'हसन' लागलं आणि शेवटी 'कधीच विसरणार नाही' एवढं लागलं. बाकी सगळा अंधार. वाडी माझ्या तोंडाकडे बघत होती. 'मला वाचता येत नाही' म्हणालो असतो तर कॉलेजात जाऊन काय दिवे लावले, हा प्रश्न निघाला असता. (काहीच लावले नव्हते.) मी घसा खाकरला आणि वाचायला लागलो.

"सदर हसन हा अत्यंत प्रामाणिक, कष्टाळू व निर्व्यसनी इसम असून त्याची वर्तणूक चांगली आहे. हे गाव त्यास कधीच विसरणार नाही."

ही भाषा पाद्रीबाबांची नव्हती, आमच्या ग्रामपंचायतीच्या चारित्र्याच्या दाखल्याची होती. पण बावांचे डोळे पाणावले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तालुक्याला जाऊन तो कागद लॅमिनेट करून आणला. पुढे त्या लॅमिनेटवर माझ्या बहिणीचं लग्न जमलं!

तर ते सर्टिफिकेट आता रास तनुरात, माझ्या दिवाणखान्यात, टीव्हीला टेकून उभं होतं.

"इक्बाल," बावा म्हणाले, "माझं वय झालं. आजाची चिठ्ठी मला एकदा पुरी ऐकायची हाय, शब्दन्‌शब्द. तेव्हा तू वरवर वाचलीस. आता व्हिसा संपायच्या आत नीट वाच."

मी सबबी काढायला लागलो. "बावा, चष्म्याचा नंबर बदललाय." "बावा, या आठवड्यात डबल शिफ्ट आहे." "बावा, हा कागद उजेडात धरायचा नसतो, शाई उडते." ज्या माणसाने आयुष्यभर आजाच्या इमानदारीचे गोडवे गायले, त्याला या वयात काय सांगायचं? की तुझं सर्टिफिकेट मी तोंडाला येईल ते बडबडून बनवलं?

पण आमची झोया! अकरावीत आहे, इथल्या इंडियन स्कूलमध्ये. "डोन्ट वरी, दादा," ती आजोबांना म्हणाली. तिने कागदावरचं गावाचं नाव फोनवर शोधलं. त्या खेड्यात जुन्या नोंदी शोधणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं. तिने चिठ्ठीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि पाठवून मोकळी!

"अगं, कोणाला विचारून पाठवलंस?"

"दादाला," ती म्हणाली आणि निघून गेली.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मंडळाच्या चिटणीस मार्गारेटबाई, वय वर्षं शहात्तर. चर्चच्या जुन्या वह्या वाचण्यात त्यांची हयात गेलेली, त्यामुळे ते अक्षर त्यांना छापील पेपरासारखं लागत होतं. पण मजकूर त्यांनी पाठवला नाही. लिहिलं होतं, 'हे मला तुमच्याशी समोरासमोर बोलायचंय. माझ्यासाठीही हे फार महत्त्वाचं आहे.'

बावांची छाती फुगली. "बघ, अजून आठवण काढतात!"

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर व्हिडिओ कॉल ठरला. बायकोने, नसीमने, सांदणं उकडली. दम्मामहून मेहुणा सलीम आला. (सर्टिफिकेट बघून ज्याने माझ्या बहिणीला पसंत केलं, तो हाच!) बावा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून टीव्हीसमोर बसले आणि त्यांनी फर्मान काढलं, "इक्बाल बी.कॉम. हाय. तो सगळ्यांना मराठीत सांगेल."

टीव्हीवर पिकल्या केसांच्या, टवटवीत मार्गारेटबाई आल्या. नमस्कार-चमत्कार झाले. त्या इंग्रजीत वाचायला लागल्या, "कप्तानसाहेब, या माणसाला तुमच्या हवाली करताना मला सुटल्यासारखं वाटतंय."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"पाद्रीबाबा म्हणतात," मी म्हणालो, "हसनला निरोप देताना मला गहिवरून येतंय."

बावांनी मान डोलावली. मार्गारेटबाई पुढे वाचू लागल्या, "नाताळसाठी वाढवलेले माझे दोन गूस त्याने चोरले." (गूस म्हणजे आपल्या बदकाचा आडदांड थोरला भाऊ. पुढे बदकच म्हणतो.)

"हसन बदकांची फार निगा राखायचा!"

"आणि ते रांधून त्याने शेतावरच्या मजुरांची पंगत उठवली."

"हसनने गोरगरिबांना जेवू घातलं!" (हे तर शब्दशः खरं होतं.)

"उरलेला तिखट रस्सा माझी बहीण सूप समजून प्यायली. तिचा आरडाओरडा हे गाव कधीच विसरणार नाही."

"हे गाव कधीच विसरणार नाही!" मी आनंदाने ओरडलो. निदान एवढं तरी मी तेव्हा बरोबर वाचलं होतं!

"पप्पा!" झोया किंचाळली. "शी डिडन्ट से दॅट! ही स्टोल द—"

"झोया, पाहुण्यांना सांदणं वाढ."

"गप, इक्बाल." बावांनी हात वर केला. "चाळीस वर्षं गोऱ्या कप्तानांच्या शिव्या खाल्ल्या मी. इंग्रजी वाचता येत नाय, पण मी बहिरा नाय."

या अल्ला! बोटीवर बावा कुठली भाषा बोलत असतील, हा विचार माझ्या बी.कॉम. डोक्यात इतक्या वर्षांत एकदाही आला नव्हता. बावा टीव्हीकडे वळले.

"मॅडम, वन क्वेश्चन. डक कटिंग, हू? हसन?"

मार्गारेटबाईंनी कागद पुन्हा बघितला. हो, चर्चच्या मागे हसननेच कापली. कापताना तोंडाने काहीतरी पुटपुटत होता, असंही पाद्रीबाबांनी लिहिलं होतं.

"अल्हम्दुलिल्लाह!" बावांनी केवढा तरी श्वास सोडला. "हलाल होती!"

सलीमलासुद्धा हायसं वाटलं. चोरी ती चोरी, पण रीतसर! मला वाटलं, संपलं. पण मार्गारेटबाईंनी पान उलटलं आणि चष्मा पुसून घेतला. पाद्रीबाबांनी पुढे लिहिलं होतं, 'मी आधी माझ्या माळ्यावर आळ घेतला आणि त्याला कामावरून काढलं. तो निर्दोष होता. ही माझी चूक.' तो माळी म्हणजे मार्गारेटबाईंचे आजोबा. पाद्रीबाबांनी ही चूक कप्तानाला कळवली, पण गावाला सांगायची हिंमत काही त्यांना झाली नाही. बाईंच्या शाळेतसुद्धा पोरं त्यांना 'बदकचोराची नात' म्हणायची. आजोबांच्या निर्दोषपणाचा पुरावा शोधत बाईंनी चर्चची वहीन्‌वही पालथी घातली होती. आणि पुरावा कुठे होता? आमच्याकडे, लॅमिनेट करून, अत्तर लावून!

त्या रडायला लागल्या. त्यांना बघून नसीमने डोळ्यांना ओढणी लावली. बावा उठून उभे राहिले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. "मॅडम, माय ग्रँडफादर, बिग मिस्टेक. ऑल फॅमिली, सॉरी. युवर ग्रँडफादर, गुड मॅन."

मीही डोळे पुसले, खोटं कशाला सांगू? (खोटं सांगण्याचा माझा कोटा एव्हाना संपलाच होता.)

कॉल संपला. मी सांदणांची रिकामी थाळी उचलून हळूच स्वयंपाकघराकडे सटकलो.

"इक्बाल."

"जी, बावा."

"तेव्हा वाडीसमोर तू काय वाचलंस रे?"

मी थाळीकडे बघत म्हणालो, "ग्रामपंचायतीचा दाखला."

बावांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. जवळ जाऊन बघतो तर म्हातारा हसत होता! हसता हसता ठसका लागला, नसीमने पाणी आणून दिलं.

"आजा लबाड होता, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं," बावा डोळे पुसत म्हणाले. "शेजारची कोंबडी आपल्या अंगणात आली की ती आपलीच, असा त्याचा हिशोब! पण माझा पोरगा त्याच्यावर कडी करणारा निघाला."

"म्हणजे माझं लग्न..." सलीमने तोंड उघडलं.

"खलास, सलीम! आता तक्रारीची मुदत संपली," बावा म्हणाले.

मला वाटलं, प्रकरण तिथे मिटलं. पण चार दिवसांनी मार्गारेटबाईंचा मेल आला. गावच्या हॉलमध्ये त्या आजोबांच्या नावाचा फलक लावणार होत्या, शेजारी खऱ्या चोराचाही हवा होता. हसनचा एखादा फोटो मिळेल का? पणजोबांचा फोटो कुठला! मी तसं कळवणार, तेवढ्यात बावांनी झोयाला बोलावलं. "फोटो नाय म्हणून काय झालं? आजा हुबेहूब आपल्या इक्बालसारखा दिसायचा. तेच नाक, तेच कान. ह्याचाच पाठव."

आणि त्या पोरीने पाठवला! माझ्या इकाम्यासाठी, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यासाठी काढलेला, डोळे वटारलेला. परवा फलकाचं चित्र आलं. खाली ठळक अक्षरांत 'बदकचोर', वर मी.

मार्गारेटबाईंनी आता आग्रहाचं आमंत्रण दिलंय. नसीम म्हणते, जाऊ या. बावा म्हणतात, जायलाच हवं. मी म्हणतो, तुम्ही खुशाल जा. मी त्या गावात पाऊल टाकलं की लोक आधी बदकं घरात घेतील, आणि मग जागा उरली तर मला!