आतल्या बाजूची खूण

ही गोष्ट तीन माणसांना माहीत असायला हवी होती. ती एकालाच माहीत होती, मला. बाकीचे दोघे आता नाहीत. म्हणजे अगदी सुरक्षित वेळ साधून मी तोंड उघडतोय — हे आधीच बोलून टाकतो, नाहीतर तुम्ही मला धीट समजाल.

गेल्या महिन्यात वाडी भागात एका बेसण्याला गेलो होतो. आमच्या बडोद्यात गुजराती घरात कुणी गेलं की एक दिवस ठरवून त्याच्या फोटोपुढे बसतात. येणारा पांढऱ्या कपड्यांत येतो, हात जोडतो, थोडा वेळ बसतो, जातो. फोटो रमणकाकांचा होता. त्यांच्या मुलाने मला मागच्या रांगेतून उठवून पुढे नेलं. "तमे तो घरना," म्हणाला. मी बसलो. घरचा म्हणून बसलो! घरी आल्यापासून हे लिहितोय, पण दिवसाला चार ओळींपुढे हात जात नाही.

कुठून सुरुवात करू? गाडीपासून करतो. ती सोपी आहे.

माझे वडील — अण्णा — रेल्वेत प्रतापनगरला कारकून होते. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत घोडेस्वार, आणि अण्णांनी आयुष्यभर सायकल चालवली. याची त्यांना मनातून खंत असावी. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी काळी विलायती मोटार घेतली. एका अधिकाऱ्याच्या विधवेच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या बसायच्या. अण्णा तिला 'बाईसाहेब' म्हणायचे. ती दांडिया बाजारातून ढकलत आणली, तेव्हा समोरचे पानवाले ओरडले, "अण्णा, बाईसाहेबांना पालखी का नाही केली?" अण्णा घामाघूम होऊन हसत होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यानंतर ते हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

नव्वदीची सुरुवात होती. अलकापुरीत नव्या गाड्यांची काचेची दुकानं उघडत होती, आणि गॅरेजवाल्यांना जुन्या गाड्यांत रस उरला नव्हता. पहिल्या गॅरेजने बाईसाहेबांना सात महिने ठेवून घेतलं आणि परत दिली तेव्हा तिचा डायनॅमो दुसराच होता. अण्णांनी लगेच ओळखलं. मालक शांतपणे म्हणाला, "साहेब, हाच होता. वय झालं की तोंड बदलतं." अण्णा घरी येऊन ते वाक्य हसत हसत सांगायचे. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून मला कोणत्याही मिस्त्रीचा हात सरळ दिसेना.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. लग्न केलं नाही. घरात आम्ही दोघंच. आता माझ्या धंद्यातली एक रीत सांगतो, कारण सगळं तिथेच अडलंय. ग्रंथालयाच्या पुस्तकावर पहिल्या पानावर शिक्का असतो, तो सगळ्यांना दिसतो. चोर ते पान फाडतो. म्हणून आम्ही आत एका ठरलेल्या पानावर दुसरा शिक्का मारतो — गुप्त पान. कुठलं, ते वाचकाला कधी सांगायचं नाही. पुस्तक मिटलं की शिक्का दिसत नाही, पण पुस्तक आमचं आहे हे आम्हाला कळतं.

मी गाडीचंही तसंच केलं. पहिल्या गॅरेजने इंजिन खोललेलंच परत दिलं होतं. अण्णा दुपारचे झोपले असताना मी एकेका सुट्या भागावर बारीक छिन्नीने खूण केली आणि एका वहीत नोंद केली: भाग, त्यावर ठोकलेला कारखान्याचा क्रमांक, खूण कुठे, त्याची छोटी आकृती. इंजिनाच्या हेडवर — म्हणजे वरचं जड लोखंडी झाकण — बाहेरून खूण करायला मन घेईना. बाहेरची खूण चोराला दिसते. मी हेड उलटं केलं. खालची सपाट, गुळगुळीत बाजू वर आली, जी इंजिनावर दाबून बसते. मिटलेलं पान. तिथे मी एक तिरपी रेघ मारली, नख अडकेल एवढी खोल. अण्णांनाही सांगितलं नाही.

मग सुरू झाला त्रास. दुसऱ्या गॅरेजने इंजिन बांधलं, गाडी सुरू झाली, आणि मांजलपूरपर्यंत जाऊन वाफेने भरली. तेलात पाणी उतरलं होतं. तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं. गास्केट फुटलं, म्हणाले. हेड आणि इंजिन यांच्यामध्ये जो तांब्याचा पत्रा असतो, तो. नवं घातलं. पुन्हा तेच. तिसऱ्या गॅरेजला नेली. तिथे केबिन होती, एअरकंडिशनर होता, कागदावर सही घ्यायचे. तिथेही तेच. मी दर शनिवारी गॅरेजबाहेर स्टुलावर पुस्तक उघडून बसायचो. पानं उलटायचो, वाचत काहीच नव्हतो. कुणाच्या खिशात काय जातंय ते बघायचो. स्वस्तातलं गास्केट घालतात, मुद्दाम बिघडवतात, गाडी परत यावी म्हणून काहीतरी ठेवूनच देतात — याबद्दल माझी खात्री झाली होती. एका फिटरने एकदा सांगायला सुरुवातही केली, "साहेब, हेडच्या खालच्या तोंडावर—" आणि मी त्याला थांबवून म्हटलं, "कारणं नकोत." त्याने खांदे उडवले.

तो काय सांगणार होता, हे तुम्हाला कळलंय. मला कळायला अजून वेळ होता.

अशी पाच-सहा वर्षं गेली. अण्णांचे गुडघे गेले. शेवटी ते म्हणाले, "पुरे झाली ही थेरं. रमणला देऊ."

रमणकाका अण्णांचे रेल्वेतले मित्र. वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्तीनंतर वाडीत एका पत्र्याच्या खोलीत लेथचं यंत्र टाकून बसले होते. आमच्याशी मराठीच बोलायचे, पण गुजराती वळणाचं. दोघांची तीस वर्षांची दोस्ती, आणि तीस वर्षं एकमेकांना टोमणे. अण्णा त्यांना म्हणायचे, "रमण, तुझा हात लागला की इंजिन रडतं." ते म्हणायचे, "अण्णा, रडतं ते तुमच्या ड्रायव्हिंगनं." गाडी चालू झाली की दोघांनी मिळून पावागडच्या पायथ्यापर्यंत जायचं, अण्णा चालवणार आणि रमणकाका शेजारी बसून नावं ठेवणार, असं ठरलेलं होतं.

रमणकाकांनी हेड वीस दिवस ठेवून घेतलं. मी जायचो तेव्हा ते त्यावर गोणपाट टाकायचे. "जा भाई, पुस्तक वाच. कोणी बघतं ना, तर माझा हात हलते." एकदा त्यांच्याकडे सफारी घातलेला एक परका माणूस बसलेला दिसला. मी आलो तसा तो उठला. कोण होता? मला अजूनही माहीत नाही. पण त्या दिवशी घरी येताना मला ते पक्कं माहीत होतं — जुन्या गाड्यांचे भाग विकत घेणारा. असलं विलायती हेड कुठे मिळतंय आता? संशयाला पुरावा लागत नाही हो. त्याला एक सफारी पुरतो.

एकविसाव्या दिवशी हेड परत आलं. ते आमच्याकडे पोचवून रमणकाका आपल्या घरी जेवायला गेले होते. मी ते उलटं केलं.

रेघ नव्हती. बाजू आरशासारखी होती. माझं तोंड त्यात अंधुक दिसत होतं.

मी अण्णांना सांगितलं, हेड बदललंय. ते म्हणाले, "वेडा आहेस का?" मी म्हटलं, माझी खूण होती त्यावर, गेली. अण्णा कितीतरी वेळ झोपाळ्यावर बसून राहिले, झोपाळा न हलवता. संध्याकाळी रमणकाका आले — नट आवळायला, हातात पान्यांची पिशवी. अण्णांनी विचारलं, "रमण, हे हेड आपलंच ना?"

"तेच तर. दुसरं कुठून आणू?"

"हा म्हणतो खूण होती."

"कसली खूण? कुठे?"

ते माझ्याकडे वळून विचारत होते. मी ती जागा सांगितली असती, बोट ठेवून दाखवली असती, तर सगळं तिथेच संपलं असतं. ते कपाळावर हात मारून हसले असते, दहा वर्षं मला त्यावरून चिडवलं असतं. पण गुप्त पान सांगायचं नसतं. मी म्हणालो, "ते सांगता येणार नाही. पण होती."

रमणकाकांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा खाली बघून म्हणाले, "रमण, मुलगा खोटं बोलत नाही."

"आणि मी बोलते?" एवढंच ते म्हणाले. पिशवी उचलली. जिना उतरताना त्यातले पाने वाजत होते. चप्पल घालायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात आम्हा दोघांपैकी कुणीही हाक मारली नाही.

ते हेड दुसऱ्या एका मिस्त्रीने बसवलं. गाडी सुरू झाली. पाणी गळलं नाही, तेल स्वच्छ राहिलं. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या नाही, आठव्या नाही. मला ते आवडेना. गळायला हवं होतं — परकं हेड नीट कसं बसलं? अकराव्या दिवशी मी वही काढून गाडीपाशी गेलो. हेडच्या बाजूला ठोकलेला क्रमांक असतो. तो मी पूर्वी नोंदवला होता आणि नंतर एकदाही पडताळला नव्हता. मी, ज्याचा जन्म क्रमांक पडताळण्यात गेला! एकेक आकडा बोटाने पुसत वाचला. तोच. शेवटच्या आकड्यापर्यंत तोच.

मग वहीतली माझी आकृती पाहिली. रेघ कुठून कुठे होती? इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या भोकापासून सिलिंडरच्या कडेपर्यंत. मी पाण्याला वाट कोरून दिली होती. कागद कागदावर मिटतो, शिक्का असला तरी मिटतो. लोखंड तसं मिटत नाही. दोन गॅरेजं, इतकी गास्केटं, इतकी वर्षं — सगळं त्या एका रेघेतून गळत होतं. आणि रमणकाकांनी ती रेघ पाहिली असणार, कोण्या अडाण्याचा हात लागलाय म्हणून मनात चार शिव्या दिल्या असणार, आणि वीस दिवस हाताने घासून घासून ते तोंड सपाट केलं असणार. मित्राच्या गाडीसाठी. गोणपाटाखाली.

तुम्ही म्हणाल, मग तू धावत वाडीत गेला असशील. वाडी आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे.

मी वहीतलं ते पान फाडलं. पानं फाडणाऱ्या मुलांना मी ग्रंथालयातून काढून टाकत असे. मी ते पान फाडलं, बारीक तुकडे केले आणि मोरीत सोडले. अण्णांना सांगणार होतो — उद्या, परवा, त्यांचा रक्तदाब उतरला की, दिवाळी झाली की. ते चार वर्षं जगले. चार वर्षं म्हणजे किती दुपारी, विचार करा. गाडी पावागडला गेलीच नाही. अण्णा फार तर सयाजीबागेला एक फेरी मारायचे आणि शेजारची सीट रिकामी ठेवायचे; मला म्हणायचे, "तू मागे बस."

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी इतकी पानं लांबवली. चूक कुणाचीही होते. हे चुकून झालेलं नाही.

अण्णांना झटका आला. उजवी बाजू गेली, पण बोलणं थोडं राहिलं. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ते म्हणाले, "रमणला बोलाव रे. एकदा नीट भांडून घेतो." मी म्हटलं, बोलावतो. गेलो नाही. ते दोघं भेटले असते, भांडले असते, आणि भांडता भांडता खुणेची गोष्ट निघाली असती. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "निरोप दिलास?" मी म्हटलं, दिला. त्याच्या दुसऱ्या दिवशी विचारलं, "आला नाही?"

मी म्हटलं, "नाही आला."

त्यांनी डावा हात थोडा उचलला आणि चादरीवर ठेवून दिला. त्यानंतर ते नाव त्यांनी घेतलं नाही. तीन दिवसांनी गेले.

पाचव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला रमणकाका आले. पांढरा सदरा, धोतर. कुणीतरी त्यांना कळवलं होतं, मी नाही. अण्णांच्या फोटोपुढे ते गुडघे मोडून बसले. मी पाणी दिलं. ते प्यायले, भांडं खाली ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "भाई, अण्णा काय बोलले होते का? माझ्यासाठी?"

घरात आम्ही दोघंच होतो. खाली बाजारात कुणी घासाघीस करत होतं, ते ऐकू येत होतं. मी खाली ठेवलेलं भांडं उचललं, तेव्हा ते वळले. त्यांचे डोळे अगदी साधे होते. त्यांना फक्त हो किंवा नाही हवं होतं.

मी म्हणालो, "नाही, काका. काही नाही."

त्यांनी मान हलवली, दोनदा. भिंतीला हात टेकून उठले. जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला.