आठवी 'ब'ची मॉनिटर

आमच्या शाळेतल्या परबबाई रिकाम्या वर्गात शिरतानाही आधी दारावर टकटक करायच्या. भरलेल्या वर्गात एक वेळ सरळ घुसतील. पण तिसऱ्या मजल्यावरच्या, कित्येक वर्षं बंद पडलेल्या आठवी 'ब'च्या दारात मात्र थांबायच्या, दोन बोटांनी हलकेच वाजवायच्या, आतून कोणी 'या' म्हणेपर्यंत थांबावं तसं थांबायच्या आणि मगच पाय आत टाकायच्या. पोरांनी त्यांचं नाव 'टकटकबाई' ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं. "ठेवू देत की. निदान मी आलेली कळते तरी," असं म्हणून त्या हसायच्या.

लालबागच्या आमच्या मराठी शाळेत पोरं आटत चालली होती. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहत होते आणि चाळीतली धाकटी भावंडं गळ्यात टाय अडकवून इंग्रजी शाळेच्या बसची वाट बघत नाक्यावर उभी राहायला लागली होती. तुकड्या मिटत मिटत प्रत्येक इयत्तेची एकेकच उरली. बाईंचं शालेय मंत्रिमंडळ मात्र दर जूनमध्ये पुरतं भरायचं. मुख्यमंत्री, शिस्तमंत्री, सहलमंत्री, शिवाय वर्गागणिक मॉनिटर. निवडणुकीत सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याला बाई हटकून पाणीमंत्री करायच्या. "आवाज आहे ना? मग रोज सकाळी नळाशी उभा राहून ओरड," असा त्यांचा न्याय. मॉनिटर या शब्दाची त्यांची व्याख्या मात्र वेगळीच होती. "मॉनिटर म्हणजे वर्गातून सगळ्यात शेवटी बाहेर पडणारं माणूस. आत कोणी राहिलं नाही ना, हे बघून मगच निघायचं."

एका वर्षी मीही निवडणुकीला उभी राहिले आणि मला एकच मत पडलं, तेही माझंच. मी तोंड लपवून बसले होते, तेव्हा बाईंनी मला बोलावलं आणि माझ्या फ्रॉकला बिल्ला लावला. त्यावर लिहिलं होतं, 'मॉनिटर, आठवी ब'. सगळी शाळा हसली. मुख्यमंत्री झालेल्या पोराने माझं नाव 'बिनखात्याची मंत्री' पाडलं. मला राग यायला हवा होता, पण बिल्ला मिळाल्याच्या आनंदात तो आलाच नाही. घरी आई मात्र भडकली. "रिकाम्या वर्गात पोरीला एकटीला बसवतात? त्या बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना?" बाबा म्हणाले, "मान दिलाय तिला. बसू दे."

माझं काम सोपं होतं. मधल्या सुट्टीत वर जायचं, खिडक्या उघडायच्या, बाकं पुसायची, घंटा होईपर्यंत थांबायचं. पहिल्या आठवड्यात मी गाणी म्हणत पुसायचे. मग गाणी आपोआप बंद झाली. एकदा लक्षात आलं की, बाकांच्या मधून जाताना मी अंग चोरून चालते आहे, कोणाला धक्का लागू नये म्हणून चालतात तशी. मी मुद्दाम मोकळेपणाने चालून पाहिलं. जमेना. त्या दिवशी बाईंना विचारलं, "बाई, इथे कोणी नसतं ना?"

बाई खिडकीची कडी लावत होत्या. "आत्ता नाही," त्या म्हणाल्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी बाई दोन-तीन दिवस तापाने रजेवर होत्या. मी नेहमीसारखी वर गेले, बाकं पुसली आणि डबा उघडला, तोच दारावर टकटक झाली. मला वाटलं, बाई आल्या. पाहते तर दारात एक माणूस उभा. पांढरा शर्ट, चाळिशी उलटलेली, चपला काढून हातात धरलेल्या. "आत येऊ?" त्याने विचारलं. मी मान हलवली. तो सरळ खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर जाऊन बसला. गुडघे मावेनात, तरी तसाच बसून फळ्याकडे बघत राहिला.

"मॉनिटर खंय आसा?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं. आमच्या घरीही मालवणीच बोलतात, त्यामुळे मला परकं वाटलं नाही.

"मीच आहे मॉनिटर."

"नाय गो. आमची."

मी बिल्ला पुढे करून दाखवला. तो त्याने नीट वाचला. मग उठला आणि म्हणाला, "बरां तर. तुकाच सांगतंय. जातंय हां."

आपल्यात निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. पोर जरी चुकून म्हणालं, तरी आई डोळे वटारते, "येतो म्हणावं!" मलाही तेच म्हणायचं होतं, पण इतक्या मोठ्या माणसाला शिकवायचं कसं? मी नुसतं "बरं, जा" म्हणाले. तो गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली नाहीत, पण चपला हातातच होत्या, म्हणून तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. खाली गेल्यावर शिपाईमामांना विचारलं, तर ते म्हणाले, "सकाळपासून गेटला कडी आहे. कोण येणार वर?"

बाई परत आल्यावर मी सगळं सांगितलं. कोणत्या बाकावर बसला, हे ऐकताच त्या खुर्चीत टेकल्या. पण खऱ्या हलल्या त्या शेवटच्या वाक्याने. शाळेत प्रमाण मराठीबाहेर पाऊल न टाकणाऱ्या बाई एकदम घरच्या भाषेवर आल्या. "जातंय म्हटल्यान? येतंय नाय? नीट आठव गो बाय."

"जातंयच म्हणाला, बाई."

मग त्यांनी मला सांगितलं. याच शाळेत, याच वर्गाच्या त्या मॉनिटर होत्या. गिरण्यांचा संप लांबला आणि एकेका घराने मुलांना कोकणात गावी धाडायला सुरुवात केली. रोज एखादं पोर दारात उभं राहायचं, दप्तर पाठीला, आणि मॉनिटरला सांगून जायचं, "येतो हां." सगळे 'येतो' म्हणूनच गेले. वर्ग रिकामा होत होत एक दिवस बाई एकट्याच उरल्या आणि त्यांना 'अ' तुकडीत नेऊन बसवलं. "येतो म्हणालेत, तर वर्ग बंद करायचा कसा?" बाई म्हणाल्या. "मोठी झाल्यावर कळलं, ती नुसती बोलायची रीत. पण कळून काय उपयोग? तोवर वाट बघायची सवय लागून गेली होती. कोणी एकाने जरी 'जातो' म्हटलं असतं, तरी मी सुटले असते."

त्या संध्याकाळी त्या गणेश गल्लीजवळच्या एका चाळीत जाऊन आल्या. तिसऱ्या बाकावरच्या मुलाच्या चुलत्यांची तिथे खोली होती. दुसऱ्या दिवशी मला एवढंच म्हणाल्या, "गावी त्याचं दिवसकार्यसुद्धा होऊन गेलंय." मग थोड्या वेळाने, "तू त्याला जा म्हणालीस, ते बरं केलंस. माझ्याने झालं नसतं." त्यांनी वर्ग मात्र सोडला नाही. एकाचं कळलं होतं, बाकीचे राहिले होते. पुढच्या वर्षीही आठवी 'ब'चा बिल्ला कोणाच्या तरी फ्रॉकला लागला.

गेल्या पावसाळ्यात बाई परळच्या एका रुग्णालयात होत्या. लग्न केलं नव्हतं, जवळ एक भाची होती. तिनेच मला फोन केला. बाई बोलायच्या थांबल्या होत्या. डोळे मिटून पडून असायच्या आणि दोन बोटांनी कॉटचा कठडा वाजवत राहायच्या. थांबायच्या, ऐकायच्या, पुन्हा वाजवायच्या. शेजारच्या कॉटवरची बाई घाबरून खाट बदलून मागत होती. डॉक्टर भाचीला म्हणाले होते, "शरीरात काहीच उरलेलं नाही. कशावर तगल्यात, ते आम्हालाही कळत नाही."

मला कळत होतं. मी तासभर त्यांचा हात धरून बसले. मला त्या हव्या होत्या. भांडखोर, खडूने माखलेल्या, कशाही चालल्या असत्या. भेटीची वेळ संपली, नर्स बाहेर काढू लागली आणि सवयीने माझ्या ओठांवर 'येते' आलं. तिथेच मी थबकले. हेही एक 'येते' त्या सांभाळत बसणार होत्या.

मी वाकून म्हणाले, "बाई, मी जाते."

भाची उसळलीच. "अगं, शुद्धीत आहेस का? आजारी माणसाजवळ असं बोलतात? येते म्हण आधी!"

कठड्यावरची बोटं थांबली. बाईंनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. ओळखलं की नाही, देव जाणे. पण आवाज स्पष्ट आला.

"जा गो बाय. मी पण निघतंय आता."

पहाटे बाई गेल्या. भाची अजून माझ्याशी बोलत नाही. मीच तिच्या मावशीला घालवलं, असं ती सगळ्यांना सांगते. मला नाही म्हणता येत नाही.